जुन्या डीएसएलआर लेन्स मिररलेस कॅमेऱ्यावर: वन्यजीव छायाचित्रणासाठी कितपत उपयोगी?

माळरान

नमस्कार. २०१६ पासून मी कॅनन ७डी मार्क २ आणि ईएफ ४०० मिमी एफ/५.६ एल ही एकच जोडी घेऊन हिंडतो आहे. लेन्स वापरलेलीच घेतली होती. माझे फिरणे बहुतेक सुपे, सासवड आणि कडबनवाडीच्या माळांवर असते आणि हिवाळ्यात भिगवणला. धाविक, चंडोल, शिकरा, सुरय आणि जमल्यास चिंकारा, एवढाच माझा आवाका आहे. आता बॉडीचे शटर अडकू लागले आहे आणि ते बदलण्याच्या खर्चात आणखी थोडी भर घातली, तर नवी बॉडी घेण्याचा विचार करता येईल, अशा टप्प्यावर मी आलो आहे.

मनात कॅननचा मिररलेस (आरसा नसलेला) आर७ आहे. परंतु बॉडीसोबत आरएफ माउंटची, म्हणजे मिररलेसच्या नव्या बैठकीची, टेलिफोटो घेणे मला या वर्षी शक्य नाही, त्यामुळे जुन्या ईएफ बैठकीची लेन्स नव्या बॉडीला जोडणारा ॲडॉप्टर लावून हीच लेन्स पुढे चालवावी असे वाटते. ॲडॉप्टर ही केवळ तात्पुरती सोय असते, त्याने फोकस मंदावतो आणि चित्राची स्पष्टताही कमी होते, असे दोघा-तिघांनी मला सांगितले आहे. त्यातच ही लेन्स १९९३ साली बाजारात आलेली, तिच्यात स्थिरीकरण (हाताचा कंप भरून काढण्याची सोय) नाही आणि आर७चा सेन्सर ३२.५ मेगापिक्सेलचा. हे गणित बसते का, हे प्रत्यक्ष वापरणाऱ्यांकडून समजून घ्यायचे आहे.

पाणथळ

माळरान, स्पष्टता कमी होण्याची भीती आधी दूर करतो, कारण ती ॲडॉप्टर म्हणजे काय हे नीट न समजल्यामुळे निर्माण झालेली आहे. ईएफ माउंटमध्ये लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचे अंतर ४४ मिमी असते, कारण मध्ये आरशाला हलायला जागा लागते. आरएफ माउंटमध्ये आरसाच नसल्यामुळे ते अंतर २० मिमी आहे. उरलेले २४ मिमी भरून काढणारी पोकळ नळी म्हणजे कॅननचा ॲडॉप्टर. त्याच्यात काच नसते, फक्त विद्युत संपर्काच्या पिना असतात. लेन्सची पोच वाढवणाऱ्या टेलिकन्व्हर्टरमध्ये भिंगे असतात म्हणून त्याने स्पष्टता घटते. ॲडॉप्टरमध्ये भिंगच नसल्यामुळे तो प्रश्न उद्भवत नाही. लेन्सच्या दृष्टीने ती जिथे बसायला हवी तिथेच बसलेली असते. (ड्रॉप-इन फिल्टरचा ॲडॉप्टर मिळतो त्यात फिल्टरची काच असते, तो प्रकार वेगळा.)

आता फोकसबद्दल. डीएसएलआरमध्ये प्रकाशाचा काही भाग मुख्य आरशातून पार होऊन त्यामागच्या छोट्या आरशावर पडतो आणि तिथून खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या वेगळ्या फोकस सेन्सरकडे जातो. चित्र मात्र मागच्या मुख्य सेन्सरवर उमटते. या दोन वाटांच्या लांबीत केसभर फरक पडला, तरी फोकस पक्ष्याच्या डोळ्याऐवजी शेपटीवर जातो. ७डी मार्क २ मध्ये मायक्रोॲडजस्टमेंटचा पर्याय दिलेला आहे तो याचसाठी. तुम्ही तो कधी तरी भिंतीवर पट्टी टेकवून वापरला असेलच. मिररलेसमध्ये फोकस मुख्य सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे पुढे-मागे सरकणारा तो दोष मुळातूनच संपतो. म्हणूनच अनेकांना आपली जुनी लेन्स मिररलेसवर अचानक अधिक तीक्ष्ण वाटू लागते. लेन्स तीच असते. आजवर तिचा फोकस थोडा चुकत होता एवढेच.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. फोकस हलवणाऱ्या मोटारीचा वेग लेन्सचा असतो, कॅमेऱ्याचा नव्हे. तुमच्या लेन्समध्ये रिंग प्रकारची यूएसएम मोटार आहे आणि ती आजही चपळ आहे, त्यामुळे ॲडॉप्टर आल्याने ती मंदावणार नाही. ज्यांची लेन्स मुळातच मंद आहे, ते ॲडॉप्टरला दोष देताना मी पुष्कळ वेळा पाहिले आहे.

सातपुडा

पाणथळ यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे, फक्त निकॉनच्या बाजूने भर घालतो. मी डी५०० या डीएसएलआरवर २००-५०० एफ/५.६ वापरत होतो. आता तीच लेन्स एफटीझेड २ हा निकॉनचा ॲडॉप्टर लावून झेड८ या मिररलेसवर वापरतो. ताडोबात मोहर्ली आणि कोलारा या दोन्ही बाजूंनी या जोडीने काम केले आहे. लेन्सचा फोकस पूर्वीही फार वेगवान नव्हता आणि आताही नाही. पण पूर्वी बांबूच्या काड्यांआडून वाघ चालत आला की फोकस काड्यांवर अडकत असे. आता कॅमेरा डोळा शोधतो आणि काड्या मध्ये येत-जात राहिल्या तरी बहुतेक वेळा डोळ्यावरच टिकून राहतो. ही सुधारणा मला लेन्स न बदलता मिळाली आहे, आणि माझ्या दृष्टीने ती फार मोठी आहे.

जिप्सीतून काम करणाऱ्यांसाठी काही गोष्टी. ॲडॉप्टर लेन्सला कायमचा लावून ठेवावा, कॅमेऱ्याला नव्हे. म्हणजे लेन्स बदलताना एकच सांधा उघडतो. मे महिन्यात जंगलाच्या बफर क्षेत्रातल्या मातीच्या रस्त्यावर पुढच्या गाडीची धूळ अंगावर येत असते आणि मिररलेसमध्ये आरसा नसल्यामुळे सेन्सर थेट समोर असतो. कॅमेरा बंद केल्यावर सेन्सरवर पडदा येत असेल, तर ती सोय मेनूत चालू आहे ना, हे एकदा पाहून घ्यावे. तरीही शक्यतो फेरी संपेपर्यंत लेन्स काढूच नये.

दुसरे म्हणजे वजन. २००-५०० कॉलरसकट (ट्रायपॉडला बसवायच्या कड्यासकट) सुमारे २३०० ग्रॅम भरते. निकॉनमध्ये डीएसएलआरच्या एफ माउंटचे अंतर ४६.५ मिमी आणि मिररलेसच्या झेडचे १६ मिमी असल्यामुळे ॲडॉप्टर ३०.५ मिमीचा होतो, म्हणजे सगळे वजन तेवढे पुढे सरकते. बीनबॅगवर ठेवताना आधार लेन्सच्या कॉलरखाली असावा. पहिल्या एफटीझेडला स्वतःचा ट्रायपॉडचा पाया होता. काही जण त्याच्यावर सगळा भार टाकत असत, आणि एवढ्या जड लेन्ससाठी ते योग्य नाही. बॉडी धरून लेन्स लोंबकळत ठेवू नये, हे तर डीएसएलआरलाही लागू होते, पण सांधे दोन झाले की त्याचे महत्त्व वाढते.

मांडवीकाठ

हा धागा वाचून नवीन कोणी निकॉनचा मिररलेस घेणार असेल, तर त्याने हा प्रतिसाद अवश्य वाचावा. माझ्याकडे जुनी ८०-४०० एफ/४.५-५.६ डी आहे, २००० साली आलेली. या लेन्समध्ये फोकसची मोटार नाही. डीएसएलआरच्या बॉडीतली मोटार एका छोट्या स्क्रूने लेन्स फिरवत असे. एफटीझेडमध्ये तो स्क्रू नाही. परिणामी छिद्र, प्रकाशमापन सगळे चालते, पण ऑटोफोकस होत नाही. ‘निकॉनची कुठलीही लेन्स चालते’ या दुकानातल्या एका वाक्यावर विश्वास ठेवून मी बॉडी घेतली आणि घरी येऊन ही गोष्ट कळली. त्या संध्याकाळी फार वाईट वाटले. लेन्सच्या नावात एएफ-एस, एएफ-पी किंवा एएफ-आय असेल तरच मोटार लेन्समध्ये आहे असे समजावे. नुसते एएफ आणि पुढे डी असेल, तर हाताने फोकस करण्याची तयारी ठेवावी.

तरीही ती लेन्स मी विकलेली नाही. झुआरीच्या खारफुटीत होडीतून जाताना खंड्या एकाच फांदीवर मिनिटेच्या मिनिटे बसतो. व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र मोठे करून आणि फोकस पीकिंगच्या (फोकस लागलेला भाग दाखवणाऱ्या) रंगीत कडा पाहून, चोचीच्या बुंध्यापासून डोळ्यापर्यंत कडा सरकत आली की थांबायचे, हे सवयीने जमते. डीएसएलआरच्या काचेच्या पडद्यावर एवढी अचूकता मला कधीच साधली नव्हती. उडत्या पक्ष्यासाठी मात्र या लेन्सचा उपयोग नाही, हे मान्य केले पाहिजे.

शिवाय किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी जुनी लेन्स घेताना बुरशी तपासावी. लेन्सचे छिद्र पूर्ण उघडून मागच्या बाजूने टॉर्च लावावी आणि पुढून तिरके पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले, तर ती लेन्स घेऊ नये. एखाद-दुसरा धुळीचा कण चित्रात दिसत नाही, पण बुरशी वाढत जाते आणि काचेवरचा लेप खाते. आमच्याकडे जून ते सप्टेंबर मी लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या पुन्हा तापवून घेतो.

माळरान

सर्वांचे मनापासून आभार. टॉर्चची परीक्षा आजच केली. आत धूळ आहे, धागे नाहीत. आता दोन शंका उरतात. बॉडीतले स्थिरीकरण ४०० मिमीला खरोखर उपयोगी पडते का? आणि आर७ सेकंदाला ३० चित्रे काढतो असे वाचले, ती या लेन्सवर मिळतील का?

पाणथळ

स्थिरीकरणाचे गणित सोपे आहे. हात ०.१ अंशाने हलला, तर ५० मिमीच्या लेन्सवर सेन्सरवरील प्रतिमा सुमारे ०.०९ मिमी सरकते आणि ४०० मिमीवर सुमारे ०.७ मिमी. तेवढी हालचाल सेन्सरला भरून काढावी लागते आणि त्याला सरकायला जागा मर्यादित असते. म्हणून लांब लेन्समध्ये लेन्समधले स्थिरीकरण अधिक प्रभावी ठरते आणि बॉडीतल्या स्थिरीकरणाचा लाभ रुंद लेन्सइतका मिळत नाही. पण तुमच्याकडे आजवर काहीच नव्हते, त्यामुळे जे मिळेल ते सगळे नवे आहे. बसलेल्या पक्ष्यासाठी शटरचा वेग थोडा खाली आणता येईल आणि व्ह्यूफाइंडरमधले चित्र काहीसे शांत दिसेल. पक्षी हलत असेल, तर मात्र कुठलेच स्थिरीकरण शटरच्या वेगाची जागा घेऊ शकत नाही.

चित्रांच्या वेगाबाबत सावध राहा. आर७चे ३० हे आकडे इलेक्ट्रॉनिक शटरचे आहेत. त्यात सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो आणि या कॅमेऱ्यात तो सावकाश वाचला जातो, त्यामुळे घिरट्या घालणाऱ्या कवड्या खंड्याचे पंख वाकडे, रबरासारखे ताणलेले येतात. उडत्या पक्ष्यांसाठी यांत्रिक शटर वापरा, ज्यात सेकंदाला १५ चित्रे मिळतात. जुन्या लेन्सवर हा आकडा प्रत्येक वेळी पूर्ण मिळेलच असे नाही, कारण दोन चित्रांच्या मध्ये लेन्सला छिद्र आणि फोकस हलवावे लागतात. तुमचा सध्याचा कॅमेरा १० चित्रे काढतो, तेव्हा तुमचे नुकसान काही नाही.

मेगापिक्सेलचा प्रश्न तुम्ही विचारला होता, तो राहिला. ७डी मार्क २ चा एक पिक्सेल सुमारे ४.१ मायक्रॉनचा आहे आणि आर७चा सुमारे ३.२ मायक्रॉनचा. १०० टक्के मोठे करून पाहिले, तर लेन्सचे आणि हाताचे दोष अधिक दिसतील, कारण तुम्ही तेच चित्र अधिक जवळून पाहत असाल. एकाच आकाराच्या छपाईत तुलना करा. पिसांचा तपशील जास्तच मिळालेला दिसेल. ही लेन्स एफ/५.६ वर उघडी असतानाही तीक्ष्ण आहे, तिला भिण्याचे कारण नाही.

पाऊलखुणा

मी थोडे वेगळे मत मांडते. मी दोन वर्षे ईएफ १००-४०० एल (दुसरी आवृत्ती) ॲडॉप्टरवर वापरली आणि नंतर आरएफ १००-५०० घेतली. पहिलीचे वजन कॉलरशिवाय सुमारे १५७० ग्रॅम, त्यात ॲडॉप्टरच्या ११० ग्रॅमची भर. दुसरीचे सुमारे १३७० ग्रॅम. ३०० ग्रॅम म्हणजे काहीच नाही असे तरुणांना वाटेल, परंतु ज्यांच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांना दिवसाअखेर तो फरक स्पष्ट जाणवतो. शिवाय जुन्या लेन्सचे सुटे भाग पुढे मिळेनासे होतात. यूएसएम मोटार एकदा बंद पडली आणि भाग मिळाला नाही, तर ती लेन्स हातानेच फोकस करावी लागेल. माळरान यांच्या लेन्सला तर तीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. तेव्हा ती वापरावी, पण नव्या लेन्ससाठी थोडे पैसे बाजूला टाकत राहावे, एवढीच माझी सूचना आहे.

आणि ॲडॉप्टर शक्यतो कॅमेऱ्याच्या कंपनीचाच घ्यावा. मी सुरुवातीला ऑनलाइन मिळणारा एक स्वस्त ॲडॉप्टर घेतला होता. त्याच्या बैठकीत किंचित खेळ होता. नागझिऱ्यात गाडी खड्ड्यातून गेली की छिद्राचा आकडा ०० दिसू लागे, म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांचा संपर्क तुटलेला असे. बॉडी बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत रानकुत्र्यांचा कळप रस्ता ओलांडून गेला. तो प्रसंग मी अजून विसरलेले नाही. पैसे वाचवायचेच असतील तर पिशवीत, ट्रायपॉडमध्ये वाचवावेत. या सांध्यात नव्हे.

सातपुडा

पाऊलखुणा, वजनाबद्दल आणि ॲडॉप्टरबद्दल तुमचे म्हणणे मान्य आहे. प्रकाशाबद्दल मात्र एक लक्षात घ्यावे. १००-५०० पूर्ण ताणल्यावर एफ/७.१ होते आणि माळरान यांची ४०० एफ/५.६ वर राहते. एफचा आकडा मोठा म्हणजे आत येणारा प्रकाश कमी, आणि हा फरक दोन तृतीयांश स्टॉपचा आहे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट). दाट सागाखाली, पहिल्या अर्ध्या तासात, आयएसओ ६४०० आणि १०००० मध्ये तेवढेच अंतर असते. ज्यांना नवी लेन्स घ्यायचीच आहे त्यांनी ती भर उन्हात नव्हे, पहाटे वापरून पाहावी.

कॅमेऱ्याच्या कंपनीच्या नसलेल्या, इतर कंपन्यांच्या १५०-६०० लेन्स ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी ॲडॉप्टर विकत घेण्याआधी लेन्सचे फर्मवेअर (आतली संगणकीय आज्ञावली) नवे करून घ्यावे. काही लेन्स यूएसबी डॉकवर घरीच अद्ययावत करता येतात, काही सेवा केंद्रात पाठवाव्या लागतात. माझ्या एका मित्राची अशी लेन्स मिररलेसवर सतत पुढे-मागे धडधडत असे. फोकस लागला म्हणेपर्यंत निसटत असे. फर्मवेअरनंतर ते कमी झाले, पूर्ण गेले नाही.

माळरान

शनिवार-रविवारसाठी आर७ आणि कॅननचा ॲडॉप्टर भाड्याने घेऊन भिगवणला जाऊन आलो. कुंभारगावहून पहाटे सहाला नाव काढली. जे पाहिले ते जसेच्या तसे लिहितो.

पट्टकदंबांचा थवा पाण्यावरून उठला तेव्हा डोळा शोधणारा फोकस एका पक्ष्यावर बसला आणि थवा वळेपर्यंत त्याच्यावरच राहिला. १५ चित्रांच्या वेगाने काढलेल्या सलग २२ चित्रांपैकी १७ चित्रांत डोळा स्पष्ट होता. जुन्या बॉडीवर अशा प्रसंगी माझ्या हाती निम्मीही लागत नसत. बसलेल्या खंड्याची चित्रे हातात धरून सेकंदाच्या १/२५० वेगाने काढली आणि ती वापरण्याजोगी आली. पूर्वी या लेन्सवर १/८००च्या खाली जायचे धाडस होत नसे. पिसांच्या कडा पाहून मी घरी बराच वेळ नुसता स्क्रीनसमोर बसून राहिलो. हीच लेन्स एवढी देऊ शकते, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते.

आता अडचणी. जाळ्याच्या आडव्या दोरीवर बसलेल्या सुरयावर फोकस दोनदा लागला नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, एक सुरय नावेच्या अगदी समोर पाण्यात सूर मारत होता. पहिल्यांदा फोकस मागच्या काठावर गेला, दुसऱ्यांदा लेन्स पूर्ण जवळच्या टोकापर्यंत जाऊन परत आली आणि तोवर पक्षी मासा घेऊन निघून गेला होता. नावाड्याने नाव किती अचूक उभी केली होती, त्यामुळे अधिकच हळहळ वाटली. ही चूक लेन्सची, ॲडॉप्टरची, की माझी?

पाणथळ

२२ पैकी १७ हे उत्तम आहे. अडचणींची कारणे वेगवेगळी आहेत.

आडव्या दोरीचा प्रश्न सेन्सरचा आहे. आर७ प्रत्येक पिक्सेलचे डावे-उजवे दोन भाग करून फोकस मोजतो, त्यामुळे उभ्या रेषा त्याला सहज दिसतात आणि नुसत्या आडव्या रेषांवर तो अडखळतो. अशा वेळी कॅमेरा किंचित तिरका करून फोकस घ्यावा आणि मग सरळ करावा.

काठावर फोकस जाण्याचे कारण असे की पक्षी फारच धूसर असेल, तर मिररलेसला तो पक्षी आहे हेच कळत नाही आणि तो मागची ठळक पार्श्वभूमी पकडतो. तुमच्या लेन्सची फोकस रिंग ऑटोफोकसमध्येही हाताने फिरवता येते. ती अंदाजाने नावेपासून पक्ष्याच्या अंतरावर आणावी, पक्षी जरा आकार घेऊ लागला की बटण दाबावे. किंवा तेवढ्याच अंतरावरच्या पाण्यातल्या काठीवर आधी फोकस घेऊन ठेवावा.

आता जवळच्या टोकापर्यंत जाऊन परत येण्याबद्दल. या लेन्सच्या बाजूला अंतराची मर्यादा ठरवणारे बटण आहे: एका बाजूला ३.५ मीटर ते अनंत, दुसऱ्या बाजूला ८.५ मीटर ते अनंत. नावेतून काम करताना ते कुठे होते?

माळरान

आत्ता पिशवीतून लेन्स काढून पाहिली. बटण ३.५ मीटरवर आहे. मार्चमध्ये सासवडला झुडपातल्या चिमण चंडोलासाठी मी ते तिकडे केले होते आणि तेव्हापासून ते तसेच राहिले. आता ८.५ वर केले आहे. बॉडी आणि कॅननचा ॲडॉप्टर पुढच्या आठवड्यात घेतो आहे. त्यानंतर त्याच नावाड्याबरोबर डिकसळच्या बाजूला जाईन आणि सुरयाची चित्रे याच धाग्यावर टाकीन.